साबण व धुण्याची पूड : फवाऱ्याच्या पाण्यांत काय घालावें ?

निंबोळीच्या अर्कांत साबण घालावयाचा म्हणून पुष्कळ जण घरांतील धुण्याची पूड मूठभर टाकतात. दोन्हींस फेंस येतो, तेव्हां दोन्ही एकच, असा समज आमच्या वारूळवाडीस आहे. आम्हीही त्याच समजुतीनें टोमॅटोवर फवारा मारला. तिसऱ्या दिवशीं पानांच्या कडा करपल्या. एकाचें क्षेत्र दुसऱ्याच्या नांवें चढलें म्हणजे काय होतें हें कचेरींत जन्मभर पाहिलेल्या माणसानें असें करावें, याचें आम्हांस फार वाईट वाटलें.

साबण म्हणजे तेल किंवा चरबी व कॉस्टिक सोडा यांचा संयोग होय. पुडींतील डिटर्जंट हें द्रव्य बहुधा खनिज तेलापासून करितात. आपल्याकडे १९५९ सालीं सर्फ व १९६९ सालीं निरमा निघाल्यावर पुडीचा प्रसार खेडोपाडीं झाला. दोहोंच्या कणाचें एक टोंक पाण्यास धरतें व दुसरें तेलकट पदार्थास; म्हणून औषध पानावर सारखें पसरतें.

भेद दिसतो तो जड पाण्यांत. बोअरच्या पाण्यांतील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांशीं साबण मिळाला कीं त्याचा न विरघळणारा साका होतो. फेंस येत नाहीं, आणि पंपाचें तोंड तुंबतें. डिटर्जंट तेथेंही फेंस देतें. त्याच्या पुडींत धुण्याचा सोडा व इतर क्षारही असतात. कपड्याचा तेलकटपणा जसा जातो तसें पानावरील मेणही निघतें. द्राक्षाच्या मण्यावरील पांढरी झांक गेली तर बाजारांत माल उतरलाच समजावा.

यास्तव प्रथम बाटलींत आपलें पाणी व साबणाचा थोडा चुरा घालून हलवून पाहावें. साका झाल्यास फवाऱ्यापुरतें पावसाचें किंवा कालव्याचें पाणी घ्यावें. पांच टक्के अर्काच्या शंभर लिटरांस २०० ग्रॅम साबणाचा चुरा पुरे. तो लिटरभर पाण्यांत विरघळवून, गाळून मिसळावा. हल्लीं वडीच्या रूपानेंही डिटर्जंट विकतात, म्हणून वेष्टन वाचून घ्यावें. नवें मिश्रण आधीं दोन-चार झाडांवर मारून दोन दिवस थांबावें. आम्ही तेंच केलें नव्हतें.

मोरीच्या पाण्याविषयीं थोडें. साबण व पूड दोहोंत सोडियम आहे. तें पाणी काळ्या जमिनींत एकाच आळ्यांत वर्षानुवर्षें सोडल्यास माती चोपण होऊन पाणी मुरेनासें होतें. आळीं पाळीपाळीनें बदलावीं, व पुडीचें पहिलें पाणी भाजीपाल्यास मुळींच देऊं नये.