एक आडनाव, किती माणसं! (इयत्ता चौथी, भाषा व परिसर अभ्यास)



वर्गात "तेंडुलकर" म्हटलं की सगळी मुलं एका सुरात "सचिन!" म्हणतात. मग मी विचारते, "अजून कोण?" वर्ग चिडीचूप. माझा पाठ इथूनच सुरू होतो.

हे आडनाव सिंधुदुर्गातल्या तेंडोली गावावरून आलं, असं मानतात. गावाच्या नावाला 'कर' जोडायची आपली जुनी पद्धत. फळ्यावर मी ही नावं लिहिते :

१) सचिन तेंडुलकर : क्रिकेटपटू. २०० कसोटी सामने, १०० आंतरराष्ट्रीय शतकं.
२) रमेश तेंडुलकर : सचिनचे वडील. कवी आणि मराठीचे प्राध्यापक.
३) विजय तेंडुलकर : नाटककार. 'शांतता! कोर्ट चालू आहे', 'घाशीराम कोतवाल'.
४) मंगेश तेंडुलकर : विजय तेंडुलकरांचे भाऊ, व्यंगचित्रकार. पुण्यात रस्त्यावर उभं राहून वाहतुकीचे नियम सांगणारी शुभेच्छापत्रं वाटायचे.
५) प्रिया तेंडुलकर : विजय तेंडुलकरांची मुलगी. १९८५ मधल्या 'रजनी' मालिकेतली अभिनेत्री.
६) सुरेश तेंडुलकर : अर्थतज्ज्ञ. गरिबी मोजण्याबाबतच्या त्यांच्या समितीचा अहवाल २००९ साली आला.

आडनाव एक, पण कामं किती वेगवेगळी! आणि प्रत्येकाने नाव कमावलं ते स्वतःच्या कामाने.

आमची विठ्ठलवाडी कल्याण आणि उल्हासनगरच्या मधे. त्यामुळे मुलांच्या ओळखीत सिंधी आडनावंही असतात. त्यांच्या शेवटी येणारं 'आणी' बहुतेक वेळा पूर्वजाच्या नावाला जोडलेलं असतं. रशियातही तसंच. इव्हानचा तो इव्हानोव्ह, आणि बाई असेल तर इव्हानोवा. मुलांना हे फार आवडतं.

आता माझी चूक सांगते. पहिल्या वर्षी मी गृहपाठ दिला, "तुमच्या आडनावाच्या प्रसिद्ध व्यक्ती शोधून आणा." काहींनी मोबाईलवरून लांबलचक यादी आणली. एका मुलीची वही मात्र कोरी. हळूच म्हणाली, "बाई, आमच्यात कोणीच मोठं नाही का?" मला काय बोलावं सुचेना. शिवाय आडनावावरून मोठी माणसं जात ओळखतात. तो तराजू मी नकळत वर्गात आणून ठेवला होता.

आता गृहपाठ बदललाय : "घरातल्या एका माणसाचं पूर्ण नाव लिहा आणि त्याला किंवा तिला काय छान येतं, ते पाच वाक्यांत लिहा." त्या मुलीने आजीबद्दल लिहिलं. आजी पापड लाटते आणि हिशोब तोंडी करते. वर्गाने टाळ्या वाजवल्या.

पालकहो, आज रात्री जेवताना मुलांना घरातल्या एखाद्या माणसाच्या कामाची गोष्ट जरूर सांगा. आणि शिक्षकांनो, हा पाठ घेतलात तर तुमच्या मुलांनी काय लिहिलं, ते मला नक्की कळवा.