गावाने 'नको' म्हटले की इमारत थांबते का?

'ग्रामसभेची कार्ये लिहा' हा प्रश्न तुम्ही चार गुणांसाठी पाठ करता. पण गोव्यातल्या कित्येक गावांत ग्रामसभेचा रविवार एकाच विषयावर गाजतो : डोंगरावर किंवा शेताच्या कडेला येऊ घातलेला मोठा निवासी प्रकल्प. तुमच्यापैकी अनेकांचे आईवडील अशा सभांना जातात. काही घरांनी आपली जमीन अशाच कामासाठी विकलेली आहे, काही घरांची चूल बांधकामाच्या मजुरीवर पेटते, हेही आम्हांला ठाऊक आहे. तेव्हा आधी कागद पाहू, मत नंतर.

गोव्यात जमिनीचा वापर ठरवणारा मूळ कायदा म्हणजे 1974 चा नगर व ग्राम नियोजन कायदा. त्याखाली 'प्रादेशिक आराखडा' तयार होतो. वस्ती कुठे, शेती कुठे, बागायत कुठे, जंगल कुठे, हे त्याच्या नकाशावर वेगवेगळ्या रंगांनी दाखवतात. 2001 पर्यंतचा आराखडा 1986 मध्ये अधिसूचित झाला. त्यानंतरचा, 2011 पर्यंतचा, ऑगस्ट 2006 मध्ये आला आणि राज्यभर खळबळ उडाली. लोकांनी नकाशे उघडले तेव्हा आपल्या गावचे डोंगर, बागा आणि शेते वस्तीच्या रंगात गेलेली दिसली. डॉ. ऑस्कर रिबेलो यांच्या निमंत्रकपदाखाली 'गोवा बचाव अभियान' उभे राहिले. डिसेंबर 2006 मध्ये पणजीच्या आझाद मैदानावर मोठी सभा झाली आणि जानेवारी 2007 मध्ये प्रतापसिंह राणे यांच्या सरकारने आराखडा रद्द करण्याची घोषणा केली.

या आंदोलनाची आठवण काढताना बहुतेक जण मैदानावरच्या गर्दीबद्दल बोलतात. आमच्या मते खरे काम त्याआधीच झाले होते. आराखड्याचा नकाशा सामान्य माणसाने पाहण्याची वस्तू नव्हे, असाच तोवर समज होता. त्या हिवाळ्यात तो गावोगाव टेबलांवर पसरला गेला आणि सर्व्हे क्रमांक शोधून वाचला गेला. पुढे 2021 पर्यंतच्या आराखड्यासाठी कृती दल नेमले गेले, वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांचा त्यात मोठा वाटा होता. गावनिहाय नकाशे पंचायतींकडे पाठवून हरकती आणि सूचना मागवल्या गेल्या, त्या याच रेट्यामुळे.

मात्र एकदा जिंकलेली गोष्ट कायमची जिंकली, असे होत नाही. 2023 मध्ये याच कायद्याच्या कलम 17(2) खाली, आराखड्यातल्या 'चुका दुरुस्त' करण्याच्या नावाने, एकेका भूखंडाचा रंग बदलता येऊ लागला. गोवा फाउंडेशन आदी संस्था न्यायालयात गेल्या आणि मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्यासाठी केलेले नियम रद्द ठरवले. दरम्यान 2024 मध्ये सांकवाळच्या रहिवाशांनी डोंगरावरच्या एका मोठ्या प्रकल्पाविरुद्ध आवाज उठवला.

आता मूळ प्रश्न. ग्रामसभेने हात वर करून ठराव केला की काम थांबते का? नुसत्या ठरावाने नाही. बांधकामाआधी जमीन बिनशेती करण्याची सनद लागते, नगरनियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी लागते आणि शेवटी पंचायतीचा बांधकाम परवाना लागतो. बांधकाम 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठे असेल, तर 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरीही लागते. पंचायतीने परवाना नाकारला, तर बांधकामदार वरच्या अधिकाऱ्याकडे दाद मागतो. तिथे 'गावाला नको आहे' एवढेच कारण टिकत नाही. रस्ता किती मीटर रुंद आहे, डोंगर किती कापला जाणार आहे, सांडपाणी कुठे जाणार आहे, हे लिहून दिलेले असेल तर टिकण्याची शक्यता असते. डोंगर कापणे किंवा सखल जमीन भरणे यांवर याच कायद्याच्या कलम 17-अ चे बंधन आहे, ते तर अवश्य वाचावे.

थोडे गणित करू. आपल्याकडे वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो. एक हेक्टर सड्यावर तो पडला तर पाणी किती? 10,000 चौरस मीटर गुणिले 3 मीटर, म्हणजे 30,000 घनमीटर, म्हणजेच 3 कोटी लिटर. सडा जांभ्या दगडाचा असतो. जांभा सच्छिद्र असल्याने या पाण्याचा काही भाग मुरतो आणि पायथ्याच्या झरीतून व विहिरींतून हळूहळू बाहेर येतो. खालची कुळागरे उन्हाळ्यात हिरवी राहतात ती यामुळे. वर काँक्रीट आणि फरशी झाली की तेच पाणी मुरण्याऐवजी गटारातून धावते. विहीर मार्चमध्ये आटते, आणि जुलैमध्ये खालच्या घरांच्या अंगणात चिखल येतो.

आता उलट बाजू. शंभर फ्लॅट, प्रत्येकी चार माणसे, माणशी दिवसाला 135 लिटर (शहरी पाणीपुरवठ्यासाठी हा दर धरतात) : रोजचे 54,000 लिटर. दहा हजार लिटरचे पाच टँकर भरूनही पुरत नाही. त्यातले सुमारे 80 टक्के सांडपाणी होते, म्हणजे रोज 43,200 लिटर. गावात मलवाहिनी नसेल तर ते जमिनीतच मुरणार, आणि डोंगराचा उतार विहिरींकडे असतो. ग्रामसभेत हे आकडे मांडावेत आणि ते इतिवृत्तात घेण्याचा आग्रह धरावा.

पालकांशी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. सभांमध्ये 'भायले नकोत' अशी भाषा ऐकू येते. आपल्याच शाळेत बेळगाव, कारवार, कोल्हापूरकडून आलेल्या घरांची मुले शिकतात, त्यांच्या कानावर ती पडते. पाण्याचा आणि रस्त्याचा हिशेब येणाऱ्या माणसाच्या गावावरून बदलत नाही. शिवाय घरे नकोतच, असेही म्हणता येणार नाही. लग्न झालेल्या मुलाला गावातच दोन खोल्या हव्या असतात आणि त्या परवडत नाहीत. पण 2011 च्या जनगणनेत गोव्यातली सुमारे एक पंचमांश घरे रिकामी आढळली होती. मग डोंगरावरचे नवे फ्लॅट नक्की कोणाची गरज भागवणार आहेत, हे विचारणे रास्तच आहे.

विश्वस्त मंडळींनी ग्रंथालयात गावाचा आराखडा नकाशा लावावा, अशी आमची विनंती आहे. कोणत्याही मंजुरीची प्रत माहिती अधिकाराखाली मागता येते आणि 30 दिवसांत उत्तर मिळायला हवे. असा अर्ज पालकांना लिहून देण्यास शिक्षक मदत करतील.

आठवी ते दहावीच्या मुलांसाठी स्वाध्याय : घरच्या किंवा शेजारच्या विहिरीत मोठ्या माणसाला सोबत घेऊन दोरी सोडा. कठड्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मोजा, आणि तारीख व सर्व्हे क्रमांकासह विज्ञानाच्या वहीत लिहून आणा.