पेटीवर बोटं कशी बदलायची?

भजनात टाळ-पखवाज सगळ्यांना दिसतात, पण पेटीवाल्याच्या बोटांकडं कोणी बघत नाही. म्हणून मी त्याच्यावर लिहीत आहे.

पेटीला हार्मोनियम म्हणतात. फ्रान्समधील देबँ यांनी 1842 साली या नावाने तिचे पेटंट घेतले. तिचा भाता पायाने चालवावा लागे. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी मांडी घालून वाजवता येईल अशी हातपेटी केली. त्यामुळे एक हात भात्याला गुंतला आणि सगळे सूर एकट्या उजव्या हाताकडे आले.

एका सप्तकात पांढऱ्या पट्ट्या 7 व काळ्या 5. बोटं मात्र 5. सा रे ग म प वाजवेपर्यंत बोटं संपतात. मग ध आणि नी कोणी वाजवायचे? हात उचलून पुढे टाकला तर सूर तुटतो आणि म्हणणारा अडखळतो.

त्याची युक्ती अशी. पांढरी एकचा सा धरला तर सा अंगठ्याने, रे तर्जनीने, ग मधल्या बोटाने. मधलं बोट ग वर दाबलेलं असतानाच अंगठा त्याच्या खालून सरकवून म वर न्यायचा. मग प, ध, नी, वरचा सा ओळीने येतात. उतरताना उलटं. अंगठा म वर आला की मधलं बोट त्याच्यावरून ओलांडून ग वर ठेवायचं. कोपर उडवायचं नाही.

आमचं भजनी मंडळ काळी एकमध्ये गातं. तिथे शुद्ध सुरांतले फक्त ग आणि नी पांढऱ्या पट्टीवर येतात. काळ्या पट्ट्या मागे असतात आणि अंगठा आखूड, म्हणून अंगठा ग ला आणि नी ला. दिसायला अवघड, पण मला तीच सोपी वाटते.

हे मला माझ्या चुलत्यांनी, म्हणजे नानांनी शिकवलं. नाना एका कारखान्यात प्रेस मशीनवर होते. तिथं त्यांच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं गेली. मंडळातले म्हणाले, "आता पेटी दुसऱ्या कोणाला देऊ." नाना काही बोलले नाहीत. त्यांनी घरी बसून तीन बोटांचा हिशेब बसवला. पांढरी एकमध्ये सा अंगठा, रे तर्जनी, ग मधलं, म पुन्हा अंगठा, प तर्जनी, ध मधलं, नी परत अंगठा. मी अंगठा एकदा सरकवतो तिथं नाना दोनदा. डोळे मिटून ऐकलं तर फरक कळत नाही. मी पुष्कळदा मिटून बघितले आहेत.

जलद चालीला मात्र त्यांचा हात अजून मागे पडतो. तेवढ्या चाली यंदाच्या सप्ताहात मी वाजवणार आहे. रोज शाळेआधी आम्ही सा पासून सा पर्यंत 20 वेळा चढतो-उतरतो. भाता नाना मारतात, म्हंजे माझं सगळं ध्यान बोटांवर राहतं.

— इयत्ता चौथी