ग्राइंडर बंद पडला? आर्मेचरचे पैसे देण्याआधी

झाशीच्या आसपास ग्रॅनाइटच्या खाणी आणि क्रशर आहेत, त्यामुळे ओट्यापासून पायऱ्यांपर्यंत घरोघरी ग्रॅनाइट कापणं चालूच असतं. त्यात हाल होतात चार इंची ग्राइंडरचे. दगडाची भुकटी झरोक्यांतून आत शिरते, वाइंडिंगचं वार्निश घासते, आणि उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर गेला की मोटर थंड व्हायला वावच मिळत नाही. मग दुकानात ऐकायला मिळतं, "आर्मेचर जल गया," म्हणजे मोटरचा फिरणारा भाग जळला. ते खरंही असू शकतं. पण तपासल्याशिवाय पैसे मोजू नका. खालचे भाव अंदाजे आहेत, ब्रँडनुसार वरखाली होतील.

वॉरंटी चालू असेल तर मशीन घरी उघडू नका. बिल घेऊन थेट सर्व्हिस सेंटर गाठा. कार्बन ब्रश मात्र बहुधा वॉरंटीत धरत नाहीत.

आधी प्लग काढा, चकती काढा. मशीन अजिबातच चालत नसेल तर पहिला संशय वायरवर. मशीनमध्ये शिरते तिथे वाकून वाकून आतली तार तुटते, वरून काही दिसत नाही. मल्टिमीटर ओहमवर ठेवून प्लगच्या दोन्ही पिनांना लावा आणि स्विच दाबा. वायर हलवल्यावर आकडा येत-जात असेल तर वायरच गेली: ₹100 ते 200. स्विचलाही साधारण तेवढेच.

मग कार्बन. 5-6 मिलिमीटरपेक्षा आखूड झाले असतील तर जोडीच बदला, ₹50 ते 150. बसवल्यावर काही मिनिटं मशीन रिकामं चालवा, म्हणजे कार्बन कम्युटेटरच्या (आर्मेचरवरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्याच्या) गोलाईवर नीट बसतात. कम्युटेटर काळा पडला असेल तर बारीक सँडपेपरने पुसा. एमरी नको, तिचे कण पट्ट्यांमधल्या खाचांत अडकतात.

आर्मेचर खरंच गेलं असेल तर कम्युटेटरभोवती ठिणग्यांचं कडं दिसतं, जळक्या वार्निशचा वास येतो, वेग पडतो. मेकॅनिकला शेजारशेजारच्या पट्ट्यांवर मीटर धरून तुमच्यासमोर फिरवायला सांगा. सगळीकडे आकडा सारखाच यायला हवा. एखाद्या जोडीवर वेगळा आला तर दोष तिथे आहे. नवं आर्मेचर ₹400 ते 900, फील्ड कॉइल (मोटरचं स्थिर वाइंडिंग) ₹250 ते 600, मजुरी ₹150 ते 300. स्वस्त आर्मेचरमध्ये ॲल्युमिनियमची तार असू शकते, म्हणून तांब्याची आहे हे बिलावर लिहून घ्या आणि जुना भाग परत मागा.

बॉडीला शॉक लागत असेल तर मशीन वापरूच नका. मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) तपासून घ्या.

साधं नवं मशीन ₹1,500 च्या आसपास मिळतं, चांगल्या ब्रँडचं ₹2,500 ते 3,500. दुरुस्ती नव्याच्या निम्म्यावर गेली तर मी नवंच घेईन. दुकानदाराने चुकीचा भाग लावला आणि ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क लागत नाही.