शेवटची पन्नास पावलं

अगं, सासूबाईंना एक दिवस बाहेर न्यायचं तुझ्या मनात आलं, मला फार बरं वाटलं. लकवा झाल्यापासून त्या ओसरीतून दवाखान्यात नि दवाखान्यातून ओसरीत, एवढ्याच फिरल्या. त्याला काही बाहेर जाणं म्हणत नाहीत. तुझे भाऊजी मोहाच्या झाडावरून पडले, कमरेखालचं गेलं, तेव्हापासून मी त्यांना बाहेर नेत आलेय. म्हणून हक्कानं सांगते.

तू फोनवर कान्हाचं नाव घेतलंस. आत्ता नको. लालबर्र्याहून बालाघाट, तिथून बैहर, मग मुक्की. पोचेपर्यंतच त्यांची कंबर भरून येईल. जिप्सीची पायरी उंच, आतला रस्ता कच्चा, आणि एका बाजूची ताकद गेलेल्या माणसाला त्या हिसक्यांत तोल सावरता येत नाही. आपल्या सोनेवानीच्या जंगलाचंही तेच. कान्हा काही पळून जात नाही. पावसाळ्याचे तीन महिने, 1 जुलै ते 30 सप्टेंबर, सोडले तर उघडाच असतो. आधी त्यांना दोन तास मोकळ्यावर बसायची सवय होऊ दे.

जागा निवडताना तिचं नाव बघू नकोस. गाडी जिथे थांबेल तिथपासून त्या जिथे बसतील तिथपर्यंतची शेवटची पन्नास पावलं बघ. सगळा दिवस त्या पन्नास पावलांवर ठरतो. मुरूम पसरलेला असेल तर व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं रुततात आणि माणूस तोंडावर येतो. बगिच्याच्या फाटकात ढोरं शिरू नयेत म्हणून तो लोखंडी फिरता दांडा असतो ना, त्यातून खुर्ची जातच नाही. अशा ठिकाणी बाजूचं मोठं फाटक बहुधा असतं, कुलपात. चौकीदाराला आदल्या दिवशी भेटून सांगून ठेवायचं. ऐनवेळी किल्ली शोधत बसलं की आत जायच्या आधीच आपल्या माणसाला वाटतं, माझ्यामुळे सगळे खोळंबले.

वैनगंगेवर न्यायचं असेल तर घाट उतरायचा मोह धरू नकोस. वरच, सावली आणि सपाट जागा बघून बसा. नदी वरूनही तेवढीच दिसते. नहरेच्या पाळीवरचा रस्ता सपाट असेल तर तो सगळ्यात सोयीचा, फक्त खुर्ची पाण्याकडे तोंड करून उभी करायची नाही. नहरेला समांतर ठेवायची, दोन्ही ब्रेक लावायचे, आणि चाकामागे विटेचा तुकडा ठेवायचा. रामपायलीच्या रामाचं दर्शन त्यांना हवंच असेल तर कार्तिक पौर्णिमेच्या जत्रेत मुळीच नको. आडवारी, सकाळी लवकर जा, आणि पायऱ्या किती आहेत ते आधी एकटी जाऊन मोजून ये.

आता उचलण्याचं. हे हातानं करून दाखवायला हवं, पण तरी ऐक. त्यांचा लुळा हात धरून कधी, कध्धी ओढू नकोस, खांदा निखळतो. गाडीत बसवताना सीटवर प्लॅस्टिकची मोठी पिशवी अंथर. आधी पाठमोरं बसवायचं, डोकं वरच्या पट्टीला लागू नये म्हणून हात धरायचा, मग दोन्ही पाय एकदम आत फिरवायचे. पिशवीवर अंग अलगद सरकतं, साडी अडकत नाही. बसल्या की पिशवी काढून घे, नाहीतर ब्रेक लागला की त्या पुढे घसरतील. शक्य असेल तेव्हा त्यांच्या चांगल्या बाजूकडे सरकव. उतारावर खुर्ची उलटी घ्यायची, म्हणजे तुझी पाठ उताराकडे आणि त्यांचं वजन तुझ्या अंगावर. रेतीतही उलटीच ओढ. दोन पायऱ्या चढायच्या असतील तर पुढच्या माणसाला सांग, पाय ठेवायची फळी धरून उचलू नको, ती हातात निघून येते. खुर्चीचा पक्का सांगाडा धर.

सगळ्यात अवघड गोष्ट कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. बाहेर जायचं म्हटलं की आपल्या बाया सकाळपासून पाणीच पीत नाहीत. सासूबाईही तेच करतील. त्यांना पाणी पाजच. मधून बैठक कापलेली प्लॅस्टिकची खुर्ची, खाली बादली, आणि आडोशाला दोन जुन्या साड्या एवढं गाडीत टाक. दोन झाडांना साड्या बांधल्या की झालं. डायपर बांधायचा असेल तर त्यांना विचारून, दार लावून, तू स्वतः बांध. पोरांसमोर त्याचा उल्लेखही करायचा नाही. आणि दर अर्ध्या तासानं त्यांना जरा उचलून, बाजू बदलून बसव. एका दुपारी लागलेली बैठकीची जखम भरायला महिने लागतात.

दिवाळी ते होळी हेच आपले दिवस. नवतपाच्या उन्हात तर नाव काढू नकोस.

आणि त्यांना विचार. आम्ही सगळे मिळून ठरवतो, डबा बांधतो, आणि ज्यांना न्यायचं त्यांनाच शेवटी कळतं. त्यांना कदाचित नदी नकोच असेल. शेतावर जाऊन धान किती आलं ते बघायचं असेल, किंवा आठवडी बाजारात भाजीचा भाव करायचा असेल. मग तेच. भाव त्यांनाच करू दे, वेळ लागला तरी.

बाबा आमट्यांचं तुला माहीतच आहे. पाठीच्या कण्याच्या आजारानं त्यांना बसता येत नव्हतं, उभं राहायचं किंवा आडवं पडायचं. तरी 1985 मध्ये ते भारत जोडोसाठी कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले, गाडीत आडवे पडून. बसता येत नाही तर गाडीत झोपायची सोय केली. माणसाला बदलायचं नाही, गाडीला आणि जागेला बदलायचं आहे.

इतर ठिकाणी हे होऊ लागलंय. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर 2022 मध्ये रेतीवरून पाण्याजवळ नेणारी लाकडी वाट बांधली. काही दिवसांत वादळानं ती मोडली, तर दुरुस्त केली. पणजीला 2023 च्या जानेवारीत दिव्यांगांसाठी पर्पल फेस्ट भरला. आपल्याकडे कोणी आपणहून करील याची वाट बघत बसू नकोस. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा 2016 चा आहे, आणि 8 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की सोयीसुविधांचे नियम नुसते सल्ले म्हणून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. तेव्हा बगिच्याच्या दारात रॅम्प हवा म्हणून अर्ज दे. अर्जात मापही लिही: एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार. माप नाही लिहिलं तर घसरगुंडीसारखा उभा रॅम्प बांधून देतात आणि त्यावरून कोणालाच जाता येत नाही. तुझ्याबरोबर आणखी चार घरांच्या सह्या घे. गावात अशी घरं असतातच, फक्त ती माणसं बाहेर दिसत नाहीत.

खुर्ची विकत घ्यायची घाई करू नकोस. साठीच्या पुढच्या गरीब घरांसाठी केंद्राची वयोश्री योजना आहे, आणि दिव्यांगांना साधनं देणारी एडिप योजना आहे. बालाघाटला सामाजिक न्याय विभागात जाऊन शिबिर कधी आहे ते विचार. दिव्यांग प्रमाणपत्र आणि आधारची झेरॉक्स सोबत ने.

त्यांना नहर चालणार असेल, तर येत्या रविवारी आधी तू एकटी नहरेवर जाऊन ये. गाडी कुठवर जाते, सावली किती वाजेपर्यंत राहते, जमीन कशी आहे, बघून मला फोन कर. त्याच्या पुढच्या रविवारी मी येते, दोघी मिळून नेऊ त्यांना.