अटलांटिकवरील एक रात्र

१९३२ सालच्या मे महिन्याची २० तारीख. न्यूफाउंडलंड बेटावरील हार्बर ग्रेस या गावाच्या धावपट्टीवरून, दिवस कलत असताना, एक लाल रंगाचे लहानसे विमान आकाशात झेपावले. विमानात अमेलिया एअरहार्ट ही अमेरिकन वैमानिक स्त्री एकटीच होती. पाच वर्षांपूर्वी, १९२७ साली, चार्ल्स लिंडबर्ग याने अटलांटिक महासागर एकट्याने आणि कोठेही न थांबता ओलांडला होता. त्यानंतर उत्तर अटलांटिकवर तसे धाडस कोणाच्या हातून तडीस गेले नव्हते.

पहिले काही तास सुखाचे गेले. ढगांच्या वर चंद्र उगवला. विमान सुमारे १२,००० फूट उंचीवरून चालले होते. इतक्यात समोरच्या फळीवरील उंचीमापकाचे काटे एकाएकी सैल पडल्यासारखे तबकडीवर भरकटू लागले. बारा वर्षांच्या विमानचालनात असा प्रसंग तिच्यावर कधीच आला नव्हता.

उंचीमापक म्हणजे वस्तुतः हवेचा दाब मोजणारे यंत्र होय. त्यात पातळ पत्र्याची एक बंद डबी असते. जसजसे वर जावे, तसतसा बाहेरील हवेचा दाब कमी होतो, डबी किंचित फुगते आणि तिला जोडलेला काटा फिरतो. समुद्रसपाटीवर जो दाब असतो, तो सुमारे साडेपाच किलोमीटर उंचीवर निम्माच उरतो. आज लहान विमानांतही पुष्कळदा तबकड्यांऐवजी उजळ पडदे असतात. पण पडद्यावर उमटणारा उंचीचा आकडाही हवेच्या दाबावरूनच काढलेला असतो. बाहेरची हवा आत आणणारे छिद्र बर्फाने बुजले, तर तो आकडा खोटा ठरतो. अशा वेळी हवेची दुसरी वाट उघडता यावी, अशी सोय अनेक विमानांत केलेली असते. अमेलियाच्या यंत्राचे काटेच निकामी झाले होते. आणि ते तेथे दुरुस्त होण्यासारखे नव्हते.

पुढे वादळ आले. विजा चमकू लागल्या, विमान हेलकावे खाऊ लागले. इंजिनाचा धूर बाहेर टाकणाऱ्या नळीचा एक सांधा उकलला व त्यातून ज्वाळा दिसू लागल्या. ढगांच्या वर निघावे म्हणून ती अर्धा तास चढत राहिली, तो विमानावर बर्फ साचू लागले. इंजिनाचे फेरे दाखविणाऱ्या यंत्रातही बर्फ शिरले आणि त्याचाही काटा वाटेल तसा फिरू लागला. बर्फाने जड झालेले विमान गरगरत खाली कोसळले. ते सावरले, तेव्हा काळोखात लाटांचा पांढरा फेस अगदी जवळ दिसत होता!

आता प्रश्न बिकट होता. वर जावे तर बर्फ, खाली राहावे तर धुके पाण्यापर्यंत उतरलेले. या दोहोंमधला मार्ग धरावयाचा. पण तो किती उंचीवर आहे, हे सांगणारे यंत्रच मुके झालेले. ढगांत शिरल्यावर माणसाला आपल्या शरीराचाही भरवसा उरत नाही; विमान कलले असताना ते सरळ आहे असे वाटते. म्हणून तिने बाहेर पाहणेच सोडून दिले आणि जी यंत्रे शाबूत होती, त्यांवर लक्ष खिळविले.

त्यांतील एक यंत्र भोवऱ्याच्या तत्त्वावर चालणारे होते. तुम्ही भोवरा फिरविला असेलच. वेगाने फिरणारा भोवरा आपला रोख सहसा सोडत नाही. त्यामुळे हेलकाव्यांत होकायंत्राची सुई डुलत राहिली, तरी हा दिशादर्शक स्थिर राहतो. त्याचा दोष एवढाच, की तो हळूहळू सरकतो. म्हणून दर पंधरा मिनिटांनी तो होकायंत्राशी जुळवून घ्यावा लागे. एका हाताने झुंजणारे विमान सांभाळीत आणि पाठीमागून इंजिनाची ज्वाळा डोळ्यांत खुपत असताना, नव्हे, समोरच ती दिसत असताना, हे काम रात्रभर चुकू न देणे, यातच तिचे खरे कसब होते, असे म्हणावे लागते.

उजाडले, पण संकटे सरली नव्हती. पेट्रोलची पातळी दाखविणारे यंत्र गळू लागले होते. एकीकडे ज्वाळा आणि दुसरीकडे पेट्रोल! पॅरिसचा विचार सोडून देऊन, जी पहिली जमीन दिसेल तेथे उतरावयाचे तिने ठरविले. आयर्लंडचा किनारा दिसताच ती एका लोहमार्गाच्या अनुरोधाने विमानतळ शोधू लागली. तो सापडेना, तेव्हा उत्तर आयर्लंडमधील लंडनडेरीजवळच्या एका कुरणात, चरणाऱ्या गाईंच्या सान्निध्यात, तिने विमान उतरविले. उड्डाणास पंधरा तासांना चार मिनिटे कमी, इतका वेळ लागला होता.

विमानात उंचीची नोंद आपोआप करणारे आणखी एक यंत्र ठेवलेले होते. त्याची नोंद नंतर पाहण्यात आली. तीत एके ठिकाणी रेघ जवळजवळ सरळ उभी खाली आलेली होती. ती ३,००० फुटांच्या थोडी वर सुरू होऊन, समुद्राच्या पृष्ठभागापासून थोड्याच अंतरावर थांबली होती.