घाणेरी आणि वनोपज

अशोका गार्डनमधील आमच्या अंगणात गतवर्षी नातीने रोपवाटिकेतून एक फुलझाड आणून लावले. पिवळ्या-तांबड्या फुलांचे गुच्छ पाहून घरची मंडळी हरखली. आम्ही मात्र ओळखले, की ही घाणेरी. इकडे हिला राईमुनिया म्हणतात. मूळची अमेरिका खंडातील ही वनस्पती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेकरिता कलकत्त्यास आणली. पक्ष्यांनी फळे खाऊन बिया रानोमाळ नेल्या. सन 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय संशोधकांच्या अभ्यासानुसार, दीड लक्ष चौरस किलोमीटरहून अधिक वनक्षेत्र हिने ग्रासले आहे.

धान्याच्या पेढीस याचे काय, असे व्यापारी बंधू विचारतील. गाजरगवत परदेशी गव्हातून आले, असा सार्वत्रिक समज आहे. तेव्हा आपण सर्वस्वी अलिप्त नाही. असो.

बैतूल, छिंदवाडा या जिल्ह्यांतील गोंड व कोरकू कुटुंबांचा उन्हाळा वनोपजावर निघतो. मोहाचे फूल खुडावयाचे नसते. चैत्राच्या सुमारास पहाटे ते आपोआप भूमीवर गळते आणि बायका-मुले ते वेचतात. झाडाखाली घाणेरी माजली, की फूल तिच्या काटेरी फांद्यांत अडकून वाया जाते. दाट छायेत गवत वाढत नाही, चारोळीसारख्या झाडांची नवी रोपेही मूळ धरीत नाहीत. गुरांनी पाला खाल्ल्यास यकृत बिघडते.

तेंदूपानांचा हिशेब तर विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. मध्य प्रदेशात 50 पानांची एक गड्डी व 1000 गड्ड्यांचे एक मानक पोते धरतात. मजुरी पानांवर मिळते. काट्यांतून वाट काढण्यात गेलेल्या वेळेचा दाम कोणी देत नाही. आमच्या खतावणीत आलेला माल तेवढा दिसतो, न आलेला माल कोणाच्याच वहीत चढत नाही.

कर्नाटकातील माले महादेश्वर डोंगरांत सोलिग कारागीर हिच्या काठ्यांच्या खुर्च्या करतात, हे स्तुत्य आहे. परंतु तेवढ्याने रान मोकळे होत नाही. वरवर छाटल्यास अथवा जाळल्यास ती पुन्हा फुटते. मुख्य मूळ जमिनीखाली दोन-तीन इंचांवर तोडून झुडूप उलटे ठेवावे लागते, मोकळ्या जागी स्थानिक गवताचे बी पेरावे लागते, आणि पुढील काही वर्षे नवी रोपे उपटावी लागतात. ही मजुरी प्रतिवर्षी नेमाने मिळाली, तरच काम टिकते.

आमच्या अंगणातील झाड आम्ही फळ धरण्यापूर्वीच मुळासकट काढले. नात दोन दिवस आमच्याशी बोलली नाही.